कनौजचे अत्तर : मिसळणे आणि न मिसळणे

भारतातील अत्तरनिर्मितीच्या इतिहासात जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रातील एक नोंद रसायनशास्त्राच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करीत असता, गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतल्यावर त्यावर तेलकट तवंग धरतो हे तिच्या ध्यानात आले आणि तो थोडाथोडा गोळा करून तिने सिद्ध केलेले अत्तर ‘इत्र-इ-जहांगिरी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. सुगंधाची विद्या दरबारापुरतीच मर्यादित नव्हती, हे संस्कृतातील ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह मिळालेला ‘गंधवाद’ या ग्रंथांवरून दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला.

उत्तर प्रदेशातील कनौज येथे ही विद्या देग-भभका पद्धतीच्या रूपाने टिकून आहे. देग म्हणजे तांब्याचे मोठे भांडे. त्यात पाकळ्या आणि पाणी भरून झाकणाच्या फटी मातीने लिंपतात, खाली मंद जाळ ठेवतात आणि वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, थंड पाण्याच्या हौदात बसवलेल्या भभक्यात, म्हणजे वाफ निववून साठवणाऱ्या भांड्यात, उतरवतात.

गुलाबाच्या तेलातील प्रमुख घटकांचा उत्कलनबिंदू, म्हणजे ते स्वतंत्रपणे उकळण्याचे तापमान, २०० अंश सेल्सियसच्या वर असतो. तरीही ते पाण्यासोबत १०० अंशांच्या आसपासच बाहेर पडतात. द्रवाच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफ जो दाब निर्माण करते त्यास बाष्पदाब म्हणतात आणि तो भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. तेल आणि पाण्यासारखे एकमेकांत न मिसळणारे द्रव आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देतात आणि जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेल्या आंशिक दाबांच्या नियमानुसार त्यांची बेरीज होत असल्याने, मिश्रण शुद्ध पाण्यापेक्षाही किंचित कमी तापमानाला उकळते. अशा रीतीने तेलाला स्वतःच्या उत्कलनबिंदूपर्यंत तापावे लागत नाही आणि तीव्र उष्णतेने बिघडणारा गंध बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो.

कनौजच्या कारागिरांचे खरे वैशिष्ट्य मात्र भभक्यात आहे, कारण तेथे आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलांचे तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, पण चंदनतेलात सहज मिसळते. म्हणून वाफ करून ती पुन्हा निववण्याच्या या क्रियेनंतर, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर, भभका निवू दिला की खाली साचलेले पाणी काढून पुन्हा देगेत घालता येते आणि त्याच तेलावर ताज्या पाकळ्यांचे नवे घाणे दिवसेंदिवस चढवता येतात. चंदनतेलाचा बाष्पदाब अत्यल्प असल्याने ते सावकाश उडते आणि आपल्यात विरघळलेला चंचल गंधही धरून ठेवते.

चंदन महाग झाल्यावर अनेक ठिकाणी त्याची जागा द्रव पॅरॅफिनने घेतली. पॅरॅफिनही गंध सामावून घेते. परंतु चंदनाचा स्वतःचा परिमळ त्याच्यापाशी नाही. फुलाचा आणि लाकडाचा गंध एकजीव करणे हीच या कलेची शतकांची कमाई असल्याने, चंदनवनांचे रक्षण हा अत्तराच्याही रक्षणाचा प्रश्न ठरतो.