शाळेतला माइक : कपाटातून वर्गापर्यंत

शाळेची इमारत, निकाल, मैदान आणि गुरुजन यांच्यावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी घेतलेला विषय जरा आडवाटेचा आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी राहणारा माइक, हा तो विषय. निमित्तही तसेच आहे. यंदाच्या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांच्या वतीने शाळेच्या मोठ्या वर्गांना माइकसंच द्यावेत, असे बोलणे चालू आहे. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. पण वस्तू देण्याआधी तिची हकिकत माहीत असलेली बरी. माइक आपल्याकडे कोणासाठी आला आणि वर्गात शिरायला त्याला इतका उशीर का लागला, हे समजले की तो टिकवायचा कसा, हेही समजते.

माइक नव्हता तेव्हा

१७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माध्यमिक शिक्षणात तेव्हा उर्दूचे वर्चस्व होते. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा म्हणूनच मराठीइतकेच सहज उर्दू वाचत. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत शाळा वाढत गेल्या. वर्ग बहुधा पत्र्याचे. एका वर्गात साठ-सत्तर मुले. शिक्षकाच्या हाताशी खडू, फळा आणि स्वतःचा गळा, एवढेच साहित्य.

आवाज लांब पोचवण्याची जुनी युक्ती मात्र आपल्या गावांना ठाऊक होती. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिकडच्या काय किंवा आपल्या गावच्या काय, कीर्तनात बुवा एक चरण म्हणत आणि मागचे टाळकरी तो उचलून धरत. शब्द असा माणसामाणसांतून देवळाबाहेर बसलेल्यांपर्यंत जाई. शाळेत पाढे म्हणायची रीत हीच होती. एकाने पुढे उभे राहून ‘बे एके बे’ म्हणायचे आणि सगळ्या वर्गाने त्याच्यामागून. त्यामुळे शेवटच्या मुलालाही पाढा ऐकू येई, कारण तो त्याच्या शेजाऱ्याच्या तोंडून येई. पण भूमितीचे प्रमेय किंवा इतिहासातली कारणे अशी कोरसात सांगता येत नाहीत. तिथे सरांना आवाज चढवावाच लागे. आषाढात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तोही उपाय संपे. मग सर फळ्यावर लिहीत राहत आणि आपण उतरवून घेत असू.

माइक आला तो सभेसाठी

भारतात माइक लोकांच्या नजरेत भरला तो राजकीय सभांमुळे. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्करला सुरू केलेला व्यवसाय पुढे ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधीजी आणि नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत समोरच्या माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात, ती यामुळे. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्या प्रकरणात नानिक मोटवाने यांनाही अटक झाली आणि पुढे ते निर्दोष सुटले. माइक म्हणजे सत्तेला खुपणारी वस्तू होती, हे यावरून कळते. दिल्लीची ‘आहुजा’ ही कंपनी १९४० सालची. आपल्या भागातल्या बहुतेकांनी शाळेत, देवळात किंवा लग्नात पाहिलेल्या अॅम्प्लिफायरवर हेच नाव असे.

आपल्याकडे माइक आधी मंडपवाल्याकडे आला. लग्न, जत्रा, परभणीचा उरूस, निवडणुकीची जीप, सप्ताह अशा ठिकाणी तो भाड्याने जाई. शाळा त्याला वर्षातून मोजक्या दिवशी बोलवी : १५ ऑगस्ट, मुक्तिसंग्रामाचा १७ सप्टेंबर, २६ जानेवारी आणि स्नेहसंमेलन. दोन कर्णे एक गावाकडे, एक मैदानाकडे तोंड करून बांधले जात. पुढे अनेक शाळांनी स्वतःचा संच घेतला, तरी रीत तीच राहिली. माइक पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, फार तर सूत्रसंचालन करणाऱ्या एखाद्या हुशार मुलाचा. ज्या सरांनी वर्षभर रोज सहा-सहा तास घसा ताणला, त्यांना तो मिळे आभारप्रदर्शनापुरता. मागच्या बाकावरच्या मुलांना तर तो उचलून ठेवण्यापुरताच मिळे.

कपाटातली शिस्त

आठवी ते दहावी हे सामान मांडणाऱ्या दोघा-तिघांत मी होतो. विज्ञानाच्या सरांनी आम्हाला माइक हातात देण्याआधी तो उघडून दाखवला होता. जाळीमागे एक अतिशय पातळ पडदा, पडद्याला चिकटलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, त्याबरोबर वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि तारेत काही मिलिव्होल्टचा क्षीण दाब तयार होतो. सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व तेच. म्हणून या माइकला डायनॅमिक म्हणतात. हा क्षीण दाब अॅम्प्लिफायर कित्येक पटींनी वाढवतो आणि अर्थातच वायरीतली खरखरही तितकीच वाढवतो.

एवढे समजल्यावर सरांचे सगळे नियम आपोआप पटत. माइक चालू आहे का ते फुंकर मारून किंवा टकटक करून पाहायचे नाही, बोलून पाहायचे. फुंकरीचा झोत आणि थुंकीची ओल दोन्ही त्या पडद्यावरच जातात. माइक मातीवर किंवा वाळूवर ठेवायचा नाही. नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरवल्यावर त्याला काळे कण चिकटतात, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. तेच कण माइकच्या चुंबकाकडेही ओढले जातात आणि एकदा फटीत बसले की निघत नाहीत. जोडणी करताना आधी अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणायचा आणि मगच पिन लावायची किंवा काढायची. पिन काढताना वायर ओढायची नाही, पिन धरायची. वायर कोपराभोवती करकचून गुंडाळायची नाही. आतल्या तारांना पीळ पडतो, त्या पिनेजवळ तुटतात आणि ऐन भाषणात आवाज येतो-जातो. बिघडला म्हणून दुरुस्तीला नेलेल्या माइकची खरी अडचण पुष्कळदा पिनेजवळच्या एका टाक्याची असते, हे मी पुढे अनेक वर्षे पाहत आलो.

शिट्टीचेही तसेच. कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला, तो वाढून पुन्हा कर्ण्यातून आला, की हे चक्र शिट्टी घालू लागते. उपाय म्हणजे कर्णे माइकच्या पुढे आणि माइककडे पाठ करून बांधायचे. १९३९ साली अमेरिकेत शूर कंपनीच्या बेन बाउअर यांनी एकाच पडद्याचा, पुढचे ऐकणारा आणि मागचे टाळणारा माइक तयार केला. आजच्या बहुतेक हातमाइकांचा गुण तोच आहे. मात्र जाळीला मूठ आवळून धरली की मागची वाट बंद होते, हा गुण नाहीसा होतो आणि शिट्टी वाढते. स्टेजवरच्या गायकांचे पाहून आपली मुले माइक तसाच धरतात, तेव्हा त्यांना हे कारण सांगावे.

माइकपाशी हळू बोलायचे असते, हे आपल्या जिल्ह्याला शिकवले ते आकाशवाणीच्या परभणी केंद्राने. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागणाऱ्या या केंद्रावर शेतीची माहिती सांगणारा माणूस ओरडत नसे. तो ओसरीवर बसून बोलल्यासारखा बोले आणि शेताच्या बांधावर ऐकू येई. मैदानावरचा माइक आवाज मोठा करतो. रेडिओवरचा माइक आवाज जवळ आणतो. वर्गाला खरे तर हाच दुसरा माइक हवा होता.

वर्गात शिरायला उशीर का

एक कारण उघड आहे : पैसा आणि वीज. भारनियमनाच्या वर्षांत दिवसा वीज नसणे हाच नेम होता. दुसरे कारण असे, की मोठा आवाज हा शिक्षकाचा गुण समजला जाई. ‘सरांचा आवाज खणखणीत’ हे आपण कौतुकाने म्हणतो. पण अंतराचा नियम कौतुकाला जुमानत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सरांपासून एक मीटरवर ६५ डेसिबल असेल, तर दोन मीटरवर ५९, चारवर ५३, आठवर ४७. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट थोडी कमी होते, पण त्याच घुमण्यामुळे ‘त’ आणि ‘प’ सारखे वाटू लागतात. अमेरिकेत २००२ साली वर्गांच्या ध्वनीसाठी एक मानक आले. त्यात रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलपर्यंत असावा, असे म्हटले आहे. पत्र्याची, रस्त्याकडेची आपली खोली यापासून किती लांब आहे, हे सांगायला नको.

आपल्याकडचा कायदा शाळेकडे वेगळ्या बाजूने पाहतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद आहे. अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची. म्हणजे शाळेला बाहेरच्या कर्ण्यांपासून वाचवायचे आहे. आतल्या शिक्षकाचा घसा वाचवायचे काम उरले ते आपल्याकडे.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि एक विचित्र गोष्ट घडली. मुले समोर नसताना प्रत्येक शिक्षकासमोर माइक आला, तो मोबाइलमधला. त्यामागचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत शोधलेला इलेक्ट्रेट माइक. कॉलरला लावायचे छोटे, स्वस्त माइक त्याच शोधातून आले. न ओरडता शिकवता येते, हा अनुभव त्या दिवसांत अनेक शिक्षकांना आला. शाळा पुन्हा भरल्यावर काहींनी कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि कानावरून येणारा माइक स्वतःच्या पैशाने घेतला. बरीच वर्षे शिकवलेल्या माणसाचा बसलेला घसा हा थट्टेचा विषय नसतो. त्यावर त्याची नोकरी आणि मुलांचे शिक्षण दोन्ही उभे असतात.

देणगीबद्दल चार शब्द

म्हणून माइकसंच जरूर द्यावेत, पण सभेचे नकोत. वर्गाला कर्णा नको, भिंतीवर एक-दोन लहान स्पीकर पुरेत. आवाज शेजारच्या वर्गात गेला, तर आपण एका वर्गाचे भले करून दुसऱ्याचे नुकसान करू. ज्याला कमी ऐकू येते अशा मुलाला या संचाचा आधार होईल, तरी त्याची जागा पुढेच असावी.

संचाबरोबर दोन जास्तीच्या वायरी, चार्जिंगचे जास्तीचे सेल आणि जाळीतला जास्तीचा स्पंज द्यावा. हातमाइकची जाळी फिरवून काढता येते. ती आणि स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवावीत. माइकवर मात्र पाण्याचा थेंब पडू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत साध्या सेलवर चालणाऱ्या माइकमधून सेल काढून ठेवावेत. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत ते गळतात आणि आतले पत्रे खातात. चार्जिंगचा संच पत्र्याखालच्या कपाटात न ठेवता सावलीतल्या भिंतीशी ठेवावा.

आणि एक वही द्यावी. कोणत्या तारखेला संच कोणी नेला, कोणी परत ठेवला, काय बिघडले, किती रुपयांत दुरुस्त झाले, हे तिच्यात मुलांनी लिहावे. सांभाळण्याचे काम दर वर्षी चार मुलांकडे असावे. त्यांत दोन मुली असाव्यात आणि एकजण तरी मागच्या बाकावरचा. शिकवून झाल्यावर सरांनी तो माइक मागे द्यावा, म्हणजे तिथला प्रश्न पुढच्यांनाही ऐकू येईल. वर्गात आल्याचा माइकला खरा उपयोग तिथेच होईल.