संगणक-केंद्रांचा हजेरीपट



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. मी कामगार-चळवळीतला माणूस. माझे शिक्षण थोडे शाळेत आणि उरलेले सारे वाचनालयात झाले. त्यामुळे कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचताना मला पहिला प्रश्न सुचतो तो हजेरीपटाचा. तेथे काम कोण करीत होते, आणि त्याला पगार कोण देत होते? खेड्यांतील सार्वजनिक संगणक-केंद्रांची हकीगत मी आज ह्याच अंगाने सांगणार आहे.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. 1985 साली स्वीडनमधील वेमदालेन ह्या आडबाजूच्या गावी असे एक घर उघडले. गावकऱ्यांनी संगणक सामायिक वापरावा हा त्यामागचा हेतू. पुढे ती आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत आणि आशियात पसरली. पैसा बहुधा देणगीदारांचा, आणि त्यांची अट ठरलेली: थोड्या वर्षांत केंद्राने स्वतःचा खर्च स्वतः कमवावा. अट ऐकायला शहाणपणाची वाटते. परंतु गावच्या शाळेला किंवा विहिरीला असे कोणी विचारतो काय? आपल्या राज्याने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो ग्रंथालयाला अनुदान लागणार हे गृहीत धरूनच. (ग्रंथालय-सेवकाच्या हाती त्यातून काय पडते हा निराळा आणि दुःखाचा विषय आहे.)

पुदुच्चेरीच्या खेड्यांत एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने 1998 पासून ज्ञानकेंद्रे काढली. मदत कॅनडातील एका संशोधन-संस्थेची होती. जागा गावाने द्यावी, आणि दलितांसह कोणालाही तेथे मज्जाव नसावा, असा करार असे. एंबलम गावी तर केंद्र देवळाच्या आवारातच थाटले गेले. वीरमपट्टिनम ह्या कोळ्यांच्या गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेत आणि ध्वनिक्षेपकावरून तमिळमध्ये सांगत. होडी लोटायची की नाही हे ठरविण्यासाठी कोळ्याला यंत्राला हातसुद्धा लावावा लागत नसे! ह्याहून सरळ उपयोग मला दुसरा ठाऊक नाही. मात्र हे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक होते, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. स्वयंसेवक हा शब्द ऐकला की आम्ही युनियनवाले जरा सावध होतो.

मध्य प्रदेशातील धार ह्या आदिवासीबहुल जिल्ह्यात 1 जानेवारी 2000 रोजी ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. येथे केंद्राला सूचनालय आणि चालकाला सूचक म्हणत. सूचक हा गावातलाच शिकलेला तरुण. त्याला पगार नव्हता. गिऱ्हाइकाकडून मिळेल ते त्याचे, आणि त्यातूनही काही हिस्सा जिल्ह्याच्या समितीला. बाजारभाव कळविण्याचे 5 रुपये, तक्रार नोंदविण्याचे 10 रुपये असे दर होते. त्याच वर्षी ह्या योजनेला स्टॉकहोमचे पारितोषिक मिळाले. पण वीज तासन्‌तास जाई, टेलिफोनची तार बंद पडे, आणि अर्ज संगणकावरून गेला तरी दाखल्यावर सही करणारा अधिकारी जुनाच होता. कचेरीकडून उत्तर वेळेवर आले नाही की पुढच्या खेपेस माणूस 10 रुपये कशाला देईल? पुढील पाहण्यांत अनेक केंद्रांवर गिऱ्हाईक फारच तुरळक आढळले. सूचक टंकलेखन करून आणि संगणकाचे वर्ग घेऊन पोट भरू लागले.

केरळात 2002 साली मलप्पुरम जिल्ह्यातून ‘अक्षय’ योजना निघाली. घरटी एकाला संगणक शिकवायचा. शिकणाऱ्याने 20 रुपये द्यायचे आणि उरलेले 120 पंचायत-संस्थांनी. तोवर केंद्रे गजबजलेली होती. शिकवणी संपताच तो पैसा आटला. बँकेचे कर्ज काढून यंत्रे घेतलेल्या कित्येकांना केंद्रे बंद करावी लागली.

आपल्या वारणेची गोष्ट वेगळी. 1998 साली कोल्हापूर-सांगलीकडील सुमारे 70 गावांसाठी केंद्र व राज्य सरकारांच्या मदतीने योजना आखली गेली. शेतकरी जगभरचे ज्ञान मिळवील असा बोलबाला होता. प्रत्यक्षात यंत्रे वापरली गेली ती उसाच्या नोंदीला, तोडीची पाळी आणि वजन कळविण्याला. विद्वानांनी ह्याला अपयश म्हटले. मला तसे वाटत नाही. हिशेब कारखान्याच्या गरजेचा होता, म्हणून खर्च त्याने सोसला आणि केंद्रे टिकली. पुढे 2007 च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशांवर करून पाहिले, तेव्हा ते बरेच स्वस्तात झाले.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींत 2011 साली ‘संग्राम’ योजनेतून संगणक आले. 2016 पासून त्यांची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’ने घेतली. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीचा उतारा, 2017 सालच्या कर्जमाफीचे अर्ज, सारे संगणक-परिचालकाच्या माथी. नव्या योजनेत केंद्रामागे ग्रामपंचायतीच्या निधीतून दरमहा सुमारे 12 हजार रुपये जात; परिचालकाच्या हाती त्यातले निम्मेच येत, तेही महिने उलटल्यावर. मधला भाग कंपनी, कागद, शाई आणि देखभाल ह्या नावांखाली जाई. ही मुले नागपूरच्या अधिवेशनावर आणि मुंबईच्या आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा मोर्चे घेऊन आली. मागण्या दोनच होत्या: आम्हांला ग्रामपंचायतीचे कर्मचारी म्हणा, आणि किमान वेतन द्या.