बँटिंग : एका आडनावाचे क्रियापद आणि अल्पपिष्ट आहाराचा प्रश्न

१

आहारपद्धतींना पडणारी नावे पुष्कळदा काय खावे ह्यावरून पडत नाहीत, काय टाळावे ह्यावरून पडतात. ‘अळणी’, ‘बिनसाखरेचा’, ‘अल्पपिष्ट’ ही विशेषणे ताटातून काय उचलले गेले तेवढेच सांगतात; त्या रिकाम्या जागी काय वाढले गेले ह्याविषयी ती मौन पाळतात. धान्य, बटाटा व साखर कमी करून शरीरातील मेद घटवावा की नाही, हा वाद दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. तो मिटत नाही ह्याचे एक कारण ह्या मौनात आहे. हा वाद ज्या पत्रकाने सामान्य वाचकांपर्यंत नेला, त्या पत्रकाचा आणि त्यातून जन्मलेल्या शब्दाचा इतिहास पाहिला म्हणजे हे कारण स्पष्ट होते.

२

विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) हे लंडनमधील एक प्रतिष्ठित व्यावसायिक. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता, व राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्थाही त्यांच्याच पेढीकडे असे. वैद्यकाशी त्यांचा संबंध केवळ रोगी ह्या नात्याने आला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट १८६२ मध्ये, पाच फूट पाच इंच उंचीच्या ह्या गृहस्थांचे वजन २०२ पौंड होते. वाकून बुटाची नाडी बांधणे त्यांना अशक्य झाले होते, व गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना पाठमोऱ्याने उतरावा लागे. नौका वल्हविणे, घोड्यावर बसणे, तुर्की स्नाने घेणे इत्यादी सर्व उपाय त्यांनी करून पाहिले होते. वल्हविण्याने स्नायू बळकट झाले, परंतु भूकही वाढली आणि वजन कमी होण्याऐवजी वाढले.

अखेर ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वी ह्या कर्णवैद्याकडे गेले. हार्वी ह्यांनी १८५६ साली पॅरिस येथे क्लोद बेर्नार ह्यांची व्याख्याने ऐकली होती. यकृतात शर्करा निर्माण होते हा बेर्नार ह्यांचा शोध त्या काळी अगदी नवा होता. मधुमेही रोग्यास साखर व पिष्टमय पदार्थ वर्ज्य केल्यास त्याच्या मूत्रातील शर्करा घटते हे ज्ञात होते. तसेच जनावरांना पुष्ट करण्यासाठी पिष्टयुक्त खाद्य देतात हेही शेतकऱ्यांच्या अनुभवाचे होते. ह्या दोन गोष्टींची सांगड घालून हार्वी ह्यांनी असे अनुमान केले की, मधुमेहावरचा आहार स्थूलतेवरही लागू पडावा. त्यांनी बँटिंग ह्यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले.

एका वर्षाने, ऑगस्ट १८६३ मध्ये, बँटिंग ह्यांचे वजन १५६ पौंड भरले. ४६ पौंड घटले होते, व कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला होता. कृतज्ञतेपोटी त्यांनी ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ हे पत्रक १८६३ साली स्वखर्चाने छापून विनामूल्य वाटले. मागणी इतकी वाढली की पुढील आवृत्त्या विक्रीस ठेवाव्या लागल्या.

ह्या पत्रकातील आहाराचा तपशील लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. न्याहारीस चार-पाच औंस मांस किंवा मासे; दुपारी पाच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाट्यावाचून कोणतीही भाजी आणि उत्तम क्लॅरेट किंवा शेरीचे दोन-तीन पेले; सायंकाळी थोडी फळे व बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा; रात्री पुन्हा तीन-चार औंस मांस किंवा मासे व मद्याचा एखाद-दुसरा पेला. भाजलेला कोरडा पाव एखादा औंस चाले. डुकराचे मांस मात्र निषिद्ध होते. म्हणजे ‘काय सोडले’ ही यादी जितकी निश्चित होती तितकीच ‘त्याऐवजी काय घेतले’ ही यादीही निश्चित होती. शिवाय बँटिंग ह्यांनी स्वतःच एक मर्यादा घालून घेतली होती. तरुण घोड्याला मानवणारा दाणा म्हाताऱ्या घोड्याला बाधतो, त्याप्रमाणे हे पदार्थ उतारवयात अपायकारक ठरतात, असा त्यांच्या दृष्टान्ताचा आशय होता. कोणी, काय सोडून, काय खावे, ह्या तिन्ही प्रश्नांना पत्रकात उत्तर होते.

३

पत्रकाचा प्रसार होताच भाषेत एक लक्षणीय घडामोड झाली. ‘बँटिंग’ ह्या आडनावाच्या शेवटी योगायोगाने ‘-इंग’ हा ध्वनिसमूह आहे. इंग्रजीत हा धातूला लागणारा नित्य परिचयाचा प्रत्यय असल्यामुळे बोलणाऱ्यांनी आडनावाची फोड केली, आणि ‘बँट’ असा एक नवाच धातू निष्पन्न झाला. ‘आपण बँट करता काय?’ अशी पृच्छा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये होऊ लागली. जर्मनीत ‘बँटिंग-कूर’ हा समास रूढ झाला. स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद तर आजही नित्य वापरात आहे. परंतु वजन कमी करण्यासाठी कोणत्याही प्रकारे आहार नियंत्रित करणे एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. पिष्टाचा मागमूसही त्यात नाही.

ह्या अर्थविस्तारात काय गळून पडले ते पाहण्यासारखे आहे. वृद्धाला लावलेली मर्यादा गेली, मांसाचे माप गेले, वैद्याचे अनुमान गेले, आणि उरली ती केवळ वर्ज्य करण्याची क्रिया. पुढे इंग्रजीतही हे क्रियापद मागे पडले. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स ह्यांच्या सहलेखनाने २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिअल मील रिव्होल्यूशन’ ह्या पुस्तकानंतर ‘बँटिंग’ हा शब्द पुन्हा प्रचारात आला. पण आता त्याचा अर्थ स्निग्ध पदार्थांचे प्रमाण भरपूर असलेला अल्पपिष्ट आहार असा झाला. मूळ बँटिंग ह्यांना लोणी वर्ज्य होते! शब्द तोच राहिला, टाळावयाचे पिष्टही तेच राहिले. पालटले ते त्याच्या जागी येणारे अन्न. हा पालट एकाएकी झालेला नाही. विल्हेल्म एब्स्टाइन ह्यांनी १८८२ सालीच स्थूल माणसांसाठी पिष्ट कमी करून स्निग्ध पदार्थ वाढविण्याचा पुरस्कार केला होता. एकाच निषेधाखाली दोन निराळे आहार नांदू शकतात, हे तेव्हाच दिसून आले होते.

४

पिष्टवर्जनाची खरी कसोटी स्थूलतेत नव्हे, मधुमेहात लागली. जॉन रोलो ह्या लष्करी शस्त्रवैद्याने १७९७ साली कॅप्टन मेरिडिथ ह्या मधुमेही रोग्याला मुख्यतः मांसाहारावर ठेवून मिळालेल्या गुणाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १८७०–७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता, अन्नटंचाईत काही मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील शर्करा घटल्याचे बुशार्दा ह्यांनी नोंदविले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन ह्यांनी रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवण्याचा मार्ग अवलंबिला. इन्सुलिनाचा अभाव असलेल्या मुलांना ह्या उपायाने काही महिने, क्वचित काही वर्षे लाभत. मरण टळत नसे.

ही परिस्थिती पालटणाऱ्या संशोधकाचे आडनावही बँटिंग हेच असावे, हा इतिहासातील एक विलक्षण योग होय. टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ साली केलेल्या संशोधनातून इन्सुलिन हाती आले, व जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम टोचण्यात आले. त्यानंतर पिष्टवर्जन हा जगण्याचा एकमेव आधार राहिला नाही. १९२१ सालीच मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर ह्यांनी अपस्माराच्या रोग्यांसाठी अत्यल्प पिष्टाचा व भरपूर स्निग्धांशाचा ‘कीटोजेनिक’ आहार सुचविला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर तो आजही वैद्यकीय देखरेखीखाली वापरला जातो. ह्या उदाहरणांत आहार ही औषधासारखी मोजून दिलेली योजना होती. रोगी निश्चित होता, हेतू निश्चित होता, मात्रा निश्चित होती.

५

सामान्य स्थूल माणसाच्या बाबतीत हा प्रश्न रॉबर्ट ॲट्किन्स ह्यांच्या १९७२ सालच्या लोकप्रिय पुस्तकाने पुन्हा चव्हाट्यावर आणला. समर्थक आणि विरोधक ह्यांच्या गर्जनांना पुराव्याची जोड मिळण्यास आणखी तीन दशके जावी लागली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६३ स्थूल व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. सहा महिन्यांअखेर अल्पपिष्ट गटाचे वजन अधिक घटले. वर्षाअखेर दोन्ही गटांतील फरक लक्षणीय राहिला नाही. २०१८ सालच्या, ६०९ व्यक्तींच्या दुसऱ्या चाचणीत बारा महिन्यांत अल्पस्निग्ध गटाचे वजन सरासरी ५.३ किलो, तर अल्पपिष्ट गटाचे ६.० किलो घटले. हा फरकही संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

ह्यावरून लाभ नाही असे ठरत नाही. पिष्ट घटविल्यास जेवणानंतर रक्तातील शर्करा कमी चढते, ट्रायग्लिसराइडचे प्रमाण बहुधा उतरते, आणि पुष्कळांना भूक आवरणे सोपे जाते. प्रौढ मधुमेहींच्या रक्तशर्करेवर नियंत्रण ठेवण्यासाठी एकंदर पिष्ट कमी करण्यास सर्वाधिक पुरावा उपलब्ध आहे, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने मान्य केले आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आरंभीच्या दिवसांत उतरणाऱ्या वजनात यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनबरोबर जाणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा असतो. धान्ये व कडधान्ये एकत्रच सोडली तर आहारातील तंतूंचा तुटवडा पडतो. काही व्यक्तींच्या रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल बरेच वाढते. इन्सुलिन किंवा तत्सम औषधे घेणाऱ्याने मात्रा न बदलता पिष्ट तोडले, तर रक्तशर्करा धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.

ह्या सर्वांत मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते ते २०१८ सालीच ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेले एक निरीक्षण. अमेरिकेतील पंधरा हजारांहून अधिक व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीत, एकूण उष्मांकांपैकी ५० ते ५५ टक्के पिष्टातून घेणाऱ्यांत मृत्युप्रमाण सर्वांत कमी आढळले. त्याहून फार कमी किंवा फार अधिक घेणाऱ्यांत ते वाढलेले होते. परंतु पिष्टाच्या जागी प्राणिज पदार्थ आले तेव्हा मृत्युप्रमाण अधिक दिसले, वनस्पतिज पदार्थ आले तेव्हा ते कमी दिसले. निरीक्षणावर आधारलेल्या अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरी ‘अल्पपिष्ट’ ह्या एकाच शब्दाने दोन्ही आहारांचा निर्देश होतो, आणि दोहोंशी निगडित परिणाम मात्र परस्परविरुद्ध दिसतात, एवढे त्यातून निःसंशय कळते.

६

भारतात हा प्रश्न केवळ सुडौलपणाचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आहे. त्याच पाहणीच्या २०२५ सालच्या आहारविषयक निष्कर्षांप्रमाणे भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टातून येतात. तांदूळ किंवा मैद्याऐवजी गव्हाचे अथवा भरडधान्याचे पीठ वापरूनही एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. पिष्टाचा थोडा भाग डाळी-कडधान्ये किंवा दुग्धजन्य प्रथिनांनी भरून काढणाऱ्यांत मात्र तो कमी आढळतो, असे ते निष्कर्ष सांगतात. महाराष्ट्रीय स्वयंपाकघराला उसळ, वरण व ताक ही नवीन नाहीत. प्रश्न त्यांच्या आणि भात-भाकरीच्या परस्पर प्रमाणाचा आहे.

वर्जनाच्या नावामागे काय दडते ह्याचे उदाहरण तर मराठी माणसाच्या घरातच आहे. उपासाला धान्य वर्ज्य; परंतु त्या जागी येणारा साबुदाणा हा कसावाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिष्टांश, आणि जोडीला बटाटा व रताळे. एका पिष्टाचा त्याग करून दुसऱ्याचा स्वीकार झाला, तरी ‘उपास’ हा शब्द अबाधित राहतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्या अज्ञात लोकमानसाने शब्द आणि ताट ह्यांतील ही तफावत आधुनिक चाचण्यांच्या कितीतरी आधी हेरली होती.

तेव्हा अल्पपिष्ट आहार चांगला की वाईट, हा प्रश्न ह्या स्वरूपात अपुरा आहे. तो कोणाला, किती काळ, आणि पिष्टाच्या जागी काय योजून, ही तीन पदे घातल्यावाचून त्याला उत्तर संभवत नाही. बँटिंग ह्यांच्या पत्रकात कालमर्यादा सोडता ही पदे होती. पत्रकाचे क्रियापद झाले तेव्हा ती गळाली, आणि पुढचा बराचसा वाद त्या पत्रकाशी नव्हे, तर त्या क्रियापदाशी होत राहिला.