अनुदानाचा अर्ज आणि आपला वारसा

धर्मग्रामातील एखाद्या महिला मंडळाला शिवणवर्ग काढावयाचा असतो, एखाद्या धर्मभगिनीला डोंगरपट्टीतील मुलांसाठी वसतिगृह चालवावयाचे असते. शासनाची योजना असते. परंतु अर्ज करण्यास कुणी पुढे येत नाही. ‘आपण चर्चची माणसे, सरकार आपल्याला कशाला देईल?’ हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकला आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

१८५४ साली चार्ल्स वुड यांनी लंडनहून पाठविलेल्या खलित्याने हिंदुस्थानात अनुदानपद्धतीचा पाया घातला. शाळा कोणत्या धर्माच्या लोकांची आहे हे न पाहता तिच्यातील लौकिक शिक्षणाला साहाय्य द्यावे, शाळातपासनिसाने धर्मशिक्षणाकडे लक्ष देऊ नये, असे त्यात ठरले. मात्र अटी होत्या. स्थानिक व्यवस्थापन जबाबदार हवे, तपासणी मान्य हवी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घेतली जावी. म्हणजे सरकार पैसा देणार होते ते श्रद्धेला नव्हे, तर कार्याला. आणि ते कार्य कागदावर दाखवावे लागणार होते.

येथेच दुर्बलांची अडचण झाली. मुंबई इलाख्यात ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत होती. वार्षिक परीक्षेत मुले जितकी उत्तीर्ण, त्या मानाने रक्कम. जेथे शिकलेले पालक व नीटनेटकी हजेरीपुस्तके होती, तेथे ती सोयीची ठरली. शेतीच्या हंगामात ज्यांची मुले शिवारात असत, त्या गावांना ती जाचक झाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सामान्य रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा होत असल्याचे निक्षून सांगितले. निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सोडण्याचे धोरण सरकारने जाहीर केले, ते १९०४ साली.

स्वातंत्र्यानंतर अनुदानाच्या प्रश्नाला राज्यघटनेचा आधार मिळाला. शिक्षणसंस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे, एवढ्याच कारणावरून तिला साहाय्य देताना भेदभाव करता येणार नाही, असे अनुच्छेद ३० (२) सांगतो. त्याचबरोबर अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धर्मशिक्षण वा उपासनेस भाग पाडता येत नाही, अशी अनुच्छेद २८ (३) ची मर्यादाही आहे. ही मर्यादा आम्हांस जाचक वाटत नाही. सक्तीची श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे.

या हक्कांची कसोटी आपल्या परिसरातच लागली. १९५४ च्या जानेवारीत तत्कालीन मुंबई सरकारने आदेश काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेश मुख्यतः अँग्लो-इंडियन मुलांपुरता मर्यादित केला. देवळाली येथील बार्न्स हायस्कूल ही सरकारी साहाय्य घेणारी शाळा. तेथे एका भारतीय ख्रिस्ती पित्याच्या मुलीला प्रवेश नाकारावा लागला. शाळा चालविणारी संस्था व पालक न्यायालयात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. साहाय्य घेतले म्हणून शाळेने मान तुकविली नाही, आणि न्याय मागितला म्हणून ती अपराधीही ठरली नाही.

मग आज आपण मागे का? आमच्या मते कारण भीतीपेक्षा कागदपत्रांचे आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, सभांचे इतिवृत्त, खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र. ही यादी पाहूनच लहान मंडळे थबकतात. दीडशे वर्षांपूर्वी ज्या गावात हजेरीपुस्तक नीट लिहिणारा कुणी नव्हता, त्या गावाचीच ही आजची अवस्था होय.

प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतील कारकून, हिशेबनीस असतात. महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर दोन तास त्यांनी अशा मंडळांच्या वह्या पाहाव्यात, अर्जाचा मसुदा करून द्यावा, मुदतीची तारीख फलकावर लावावी. देणगीच्या थाळीत टाकलेल्या नाण्याइतकीच ही सेवा मोलाची आहे. अनुदान मिळेलच असे नाही. परंतु शेजारच्या मंडळाचा अर्ज लिहिता न आल्यामुळे राहिला, असे आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासात नोंदले जाऊ नये, एवढी काळजी आपण नक्कीच घेऊ शकतो.