तीन बुरूज चौकोनी, एक गोल

दिवाळी जवळ आली की अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, हळीव पेरले जातात, मावळे मांडले जातात. यंदा नातवाच्या किल्ल्याचे तीन बुरूज चौकोनी आणि चौथा गोल झाला. "ढासळला, म्हणून पुन्हा बांधला," तो म्हणाला. मला हसू आले. अगदी असाच एक खराखुरा किल्ला इंग्लंडात आहे. मग पायरीवर बसून त्याला ती हकीकत सांगितली.

केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठी रोचेस्टरचा किल्ला आहे. त्याचा दगडी बालेकिल्ला सुमारे ११३ फूट उंच. १२१५ साली तेथे जॉन नावाचा राजा राज्य करीत होता. फ्रान्समधील मुलूख त्याने गमावला होता आणि तो परत मिळविण्यासाठी प्रजेकडून अतोनात पैसा उकळला होता. अखेर सरदार बिथरले. १५ जून १२१५ रोजी टेम्सकाठच्या रनीमीड येथील कुरणात त्यांनी राजाला एका सनदेवर शिक्कामोर्तब करावयास लावले. तीच मॅग्ना कार्टा!

तिच्यात काय होते? देशाच्या कायद्यावाचून वा बरोबरीच्या लोकांच्या निवाड्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसास कैद करू नये. विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती नको. आणि राजाला किल्ल्यासाठी लाकूड हवे असले, तरी मालकाच्या संमतीवाचून त्याने ते नेऊ नये. आपल्याकडे अठराव्या शतकातील आज्ञापत्रातही आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या झाडांना हात लावू नये, जीर्ण झाड हवेच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे, असे बजावले आहे.

परंतु जॉनने शब्द पाळला नाही. ऑगस्टमध्ये पोपने सनद रद्द ठरविली आणि युद्ध पेटले. सरदारांच्या लोकांनी रोचेस्टर धरले. राजाने वेढा घातला. कोपऱ्यातल्या बुरुजाखाली भुयार खणून त्याला लाकडी टेकू दिले. मग राजाने हुकूम सोडला : खाण्यास निरुपयोगी अशी चाळीस लठ्ठ डुकरे पाठवा! त्यांच्या चरबीने टेकू पेटले, बुरूज कोसळला. तरी आतले लोक मधल्या भिंतीआड लढत राहिले. घोडे मारून खाल्ले. ३० नोव्हेंबरला उपासमारीने ते शरण आले. पुढे तो बुरूज बांधला गेला, तो गोल.

"मग राजाच जिंकला!" नातू हिरमुसला.

किल्ला जिंकला, खरा. पण पुढच्याच वर्षी जॉन वारला, आणि नऊ वर्षांच्या बालराजाच्या पालकांनी सनद पुन्हा जारी केली; राज्य टिकवायचे तर सरदारांना परत वळविणे भाग होते. अर्थात तिच्यातील 'स्वतंत्र माणूस' म्हणजे सारी प्रजा नव्हे. जमिनीला जखडलेली असंख्य कुळे त्याबाहेर होती. कोणत्याही दर्जाच्या माणसास हे संरक्षण देणारा कायदा व्हावयास १३५४ साल उजाडले. आपल्या संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात, १९५० पासून, प्रत्येक व्यक्तीच्या जीविताला आणि स्वातंत्र्याला कायद्याचे कवच आहे. त्याची मुळे शोधू लागलो, तर एक वाट या कुरणापर्यंत जाते.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने किल्ल्याच्या दरवाजाची फळी हळूच उपटली.

"अरे, ती का काढलीस?"

"शेजारच्या काकूंच्या कुंपणाची आहे, आजोबा. विचारून येतो."