विठ्ठल उमप : शाहीर होतेच, पण नटही होते!

26 नोव्हेंबर 2010. संविधान दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाणी वाहिनीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. त्याच मंचावर लोकशाहीर विठ्ठल उमप कोसळले आणि त्यांचे निधन झाले. वय 79. त्यांचा मृत्यू आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे काम किती जणांना ठाऊक आहे?

15 जुलै 1931 रोजी मुंबईच्या नायगावात त्यांचा जन्म झाला. म्हणजे 1956 च्या धम्मक्रांतीवेळी ते पंचविशीत होते. भीमगीते, बुद्धगीते, पोवाडे, कव्वाली त्यांनी वस्तीवस्तीत गायली. आपण लक्षात ठेवले ते एवढेच. प्रस्थापित नाट्यसमीक्षेने त्यांना ‘लोककलावंत’ म्हटले आणि त्यांच्यातला आंबेडकरवादी बाजूला सारला. आपण त्यांना ‘भीमशाहीर’ म्हटले आणि त्यांच्यातला नट विसरलो. दोन्हीकडून माणूस अर्धाच उरला.

हा नट पाहायचा तर ‘जांभूळ आख्यान’ पाहावे लागते. पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते, अशी ही लोककथा. उमप ती गोंधळाच्या बाजात सादर करत. उतारवयातला, भारदस्त आवाजाचा हा पुरुष बघता बघता द्रौपदी होई. इथे थोडे थांबून विचार करा. कर्ण कोण? सूतपुत्र म्हणून भरसभेत हिणवला गेलेला. जन्मावरून नाकारलेल्या माणसाची ओढ राजघराण्यातल्या स्त्रीला वाटते, हे पोथीच्या चौकटीत बसणारे नाही. उमपांच्या तोंडून ही कथा ऐकताना जातीचा प्रश्न आपोआप समोर येतो.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात, बौद्ध माणसाने गोंधळ कशाला करायचा? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. देवाधर्माच्या नावाने वाजवणे, नाचणे ही कामे गावगाड्याने आपल्या माणसांवर जातीचे काम म्हणून लादली होती. ती सोडणे ही मुक्तीच होती. पण लादलेला विधी वेगळा आणि स्वतः निवडलेला कलाप्रकार वेगळा. नवस फेडण्यासाठी घातलेला गोंधळ आणि रंगमंचावर नटाने उभे केलेले आख्यान यांत हाच फरक आहे. सत्यशोधक जलशाने आणि पुढे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचाच साचा घेतला होता. साचा घेतला, आशय बदलला. उमप त्याच परंपरेतले.

2008 च्या ‘टिंग्या’ चित्रपटातही ते दिसले. म्हणजे गायनापुरते ते कधीच मर्यादित नव्हते.

मित्रांनो, आज जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोराला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण त्याला आपण नाटक दिले का? तालीम करायला जागा दिली का? गाण्याने मान ताठ होते. नाटकाने आणखी एक गोष्ट होते, दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करता येतो. जयंती मंडळाच्या वर्गणीतला एक हिस्सा वस्तीतल्या नाट्यपथकासाठी बाजूला काढा. उमपांना अभिवादन करायचे तर ते असे करू.

जय भीम!