राजदूत आणि घोषणापत्र : डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्या थोर जैन व्यक्तींचे स्मरण करावे, त्यांत ब्रिटनमधील भारताचे माजी उच्चायुक्त डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

सिंघवींचा जन्म १९३१ साली जोधपूर येथे झाला. हार्वर्ड व कॉर्नेल या अमेरिकेतील विद्यापीठांत त्यांनी कायद्याचे उच्च शिक्षण घेतले. १९६२ मध्ये ते जोधपूरमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. 'लोकपाल' हा शब्द १९६३ साली त्यांनीच रूढ केला. पुढे सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ विधिज्ञ म्हणून त्यांनी कीर्ती संपादन केली. १९९१ ते १९९७ या काळात ते लंडन येथे उच्चायुक्त होते.

तथापि जैन समाजाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य या पदग्रहणापूर्वीचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८६ साली इटलीतील असिसी येथे निसर्गरक्षणासाठी पाच धर्मांचे प्रतिनिधी एकत्र आले. बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम व ज्यू या धर्मांनी आपापली घोषणापत्रे मांडली. पृथ्वी, जल, अग्नी, वायू व वनस्पती यांतही जीव मानणारा आपला धर्म मात्र त्या पंक्तीत नव्हता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधींनी जैन धर्माची बाजू मांडली होती. त्यानंतर जवळजवळ शतक लोटूनही आपला आवाज जगाच्या व्यासपीठावर क्षीणच राहिला होता.

ही उणीव सिंघवींनी भरून काढली. त्यांनी लिहिलेले 'निसर्गविषयक जैन घोषणापत्र' २३ ऑक्टोबर १९९० रोजी बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स फिलिप यांना सादर करण्यात आले. ते त्या वेळी जागतिक वन्यजीव निधीचे अध्यक्ष होते. अहिंसा, अनेकान्त, समभाव, जीवदया, अपरिग्रह ही आपली तत्त्वे सिंघवींनी परक्यालाही सहज उमगतील अशा शब्दांत मांडली. कोणत्याही धर्माला उणे न लेखता आपले म्हणणे ठामपणे सांगणे ही तर मुत्सद्द्याची कला. आणि अनेकान्तवाद याहून वेगळे काय सांगतो?

प्रवासी भारतीयांविषयीच्या उच्चस्तरीय समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या शिफारशीनुसार २००३ पासून ९ जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस म्हणून साजरा होऊ लागला. १९९८ साली 'पद्मभूषण' किताबाने गौरविलेले सिंघवी ६ ऑक्टोबर २००७ रोजी दिवंगत झाले.

घोषणापत्रात संयम आणि अपव्यय टाळणे यांवरही भर आहे. जगापुढे आपल्या वतीने दिलेला हा शब्द आहे. आम्ही व्यापारी हुंडीवरची सही पवित्र मानतो. मग आपल्या लग्नसमारंभांत वाया जाणारे अन्न, महोत्सवांतील डामडौल आणि घरोघरी वाढत चाललेला परिग्रह पाहता त्या शब्दाचे काय? सिंघवींनी सही केली. ती हुंडी वटविण्याचे दायित्व आपणा सर्वांचे आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा जरी संकल्प केला, तरी त्या थोर पुरुषाला ती खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!